साल कोणत्या धर्माचं?

नाशिक जिल्ह्यात काळ एकाच चालीने चालत नाही. रामकुंडावरचा सिंहस्थ गुरूच्या सिंह राशीतल्या प्रवेशावर ठरतो. गुरूची सूर्याभोवतीची फेरी बारा वर्षांपेक्षा किंचित कमी वेळात पुरी होत असल्याने कधीतरी सिंहस्थ अकराव्या वर्षीच येतो. मालेगावातला रमजान चंद्रावर चालतो आणि दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. देवळालीतल्या पारशी घरांचं शहेनशाही वर्ष काटेकोर ३६५ दिवसांचं असतं, त्यात लीप दिवस नाही, म्हणून त्यांचा नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतो. निफाड-सिन्नरकडचा शेतकरी मृग कधी लागतो ते पाहतो, आणि त्याच्या कर्जाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो. ही सगळी गणितं एका जिल्ह्यात, एका बाजारपेठेत, बऱ्याचदा एकाच घराच्या भिंतीवर नांदतात. तरीही दर ३१ डिसेंबरला 'हे आपलं नववर्ष नव्हे' असा संदेश फिरतोच. त्या वाक्यामागे एक गंभीर धार्मिक प्रश्न दडलेला आहे. काळाच्या मोजणीला धर्म असतो का? दुसऱ्याच्या धर्मातून आलेलं साल वापरलं, तर वापरणाऱ्याचा धर्म उणावतो का? या प्रश्नाला मराठी इतिहासानेच एक उत्तर दिलं आहे. ते समजून घेताना बगदाद, इस्फहान आणि इस्तंबूल यांच्याकडे वळावं लागतं.

पेशवेकालीन मराठी कागद हाती घेतला की वर्षाच्या जागी एक चमत्कारिक शब्दमाळ दिसते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली; मराठी दफ्तरात ते साल 'इहिदे सितैन मया व अलफ' आहे. हे अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला ते साल 'खमस सबैन अलफ', म्हणजे १०७५. हाच शुहूर सन. त्याला अरबी सन किंवा मृगसाल असंही म्हणतात. त्याच्यासोबत येते 'छ' या खुणेने सुरू होणारी चंद्राची तारीख आणि मोहरम, सफर, जमादिलावल, साबान, जिल्हेज हे महिने. त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. त्यांच्याच दफ्तरात देवस्थानांच्या नेमणुका, ब्राह्मणांची दक्षिणा, गडांची बेगमी आणि गावांची जमाबंदी या गणनेने नोंदली जाई. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशी वाचणाऱ्याला, आणि मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री जवळ ठेवून काम करणाऱ्याला, यात नवल वाटत नाही. बाहेरच्याला मात्र वाटायला हवं. हिंदवी म्हणवणाऱ्या, धर्मरक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या सत्तेने रोजचा काळ अरबी आकड्यांत का लिहावा?

उत्तराची सुरुवात त्या सनाच्या घडणीत सापडते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. त्यात अधिक महिना धरत नाहीत, म्हणून ३२ सौर वर्षांत ३३ हिजरी वर्षं उलटतात. उपासनेला हे चालतं, जमाबंदीला चालत नाही. पीक सूर्याच्या चालीने येतं, आणि चांद्रवर्षाप्रमाणे सारा मागितला तर शेतकऱ्याकडून ३२ पिकांवर ३३ वर्षांचा वसूल घ्यावा लागेल. चौदाव्या शतकात, बहमनी राज्य उभं राहण्याच्या थोडं आधी, दख्खनच्या कारभाराने यावर तोडगा काढला. १३४४च्या मे महिन्यात हिजरी ७४५ सुरू झालं. तोच आकडा घेऊन पुढे वर्ष सौर धरलं गेलं आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी ठेवला. म्हणून शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. दोन्ही गणना एका बिंदूवरून निघाल्या आणि हळूहळू पांगल्या: राज्याभिषेकाच्या वेळी हिजरी १०८५ होतं तर शुहूर १०७५, पानिपताच्या वेळी हिजरी ११७४ तर शुहूर ११६१. आता हे साल कोणाचं म्हणायचं? आकड्याचा उगम हिजरतीत, आकड्यांची नावं अरबी, वर्षारंभाचं नक्षत्र भारतीय, आणि सूर्य मृगात कधी जातो हे सांगणारा माणूस पंचांग मांडणारा जोशी. सुलतानाच्या जमाबंदीचं वर्ष ब्राह्मणाच्या गणितावर उभं होतं, आणि पुढे ब्राह्मण पेशव्याचा ताळेबंद अरबी आकड्यांवर.

हा दख्खनचा अपवाद असता, इथल्या गंगाजमनीचं एक गोड उदाहरण असतं, तर त्यावरून तत्त्वाचं काही सांगता आलं नसतं. पण असाच पेच इस्लामच्या मध्यभूमीतच, कितीतरी आधी, उभा राहिला होता. इराण जिंकल्यावर अरब खलिफांना सासानी महसूलव्यवस्था तयार मिळाली. तिच्यात सारा नवरोजच्या सुमारास वसूल होई. इराणी वर्षही ३६५ दिवसांचं, लीप दिवस नसलेलं. सासानी सत्ता गेल्यावर त्याची दुरुस्ती करणारं कोणी उरलं नाही, आणि नवरोज हळूहळू पीक पिकण्याच्या अगोदर येऊ लागला. शेतात गहू हिरवा आणि दारात वसुलीचा माणूस, अशी वेळ आली. उमय्या खलिफा हिशाम याच्या काळात इराकच्या जमीनदारांनी सुभेदार खालिद अल्-कसरीकडे नवरोज महिनाभर पुढे ढकलण्याची विनंती केली. खालिदने खलिफाला लिहिलं. हिशामने नकार दिला. कुराणाने 'नसी'ला, म्हणजे महिने मागेपुढे करण्याला, कुफ्रातली भर म्हटलं आहे, आणि नवरोज हलवणं त्यातच मोडेल अशी त्याला भीती वाटली. पुढे अब्बासी काळात वजीर यह्या बर्मकीकडे हीच मागणी गेली. यह्याचं घराणं मूळचं बल्खचं, पूर्वी बौद्ध विहाराचं पुजारीपण सांभाळणारं. विरोधकांनी लगेच कुजबुज सुरू केली की हा अग्निपूजकांच्या धर्माचा पक्ष घेतो आहे, आणि यह्याने विषय सोडून दिला. ही सारी हकीगत अल्-बिरूनीने आपल्या कालगणनेवरच्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे.

म्हणजे 'हे साल आपल्या धर्माचं नव्हे' ही हरकत नवी नाही. ती दमास्कसच्या आणि बगदादच्या दरबारात उठली होती आणि काही काळ जिंकलीही. तिची किंमत मात्र शेतकऱ्याने मोजली. नवव्या शतकाच्या मध्यात खलिफा मुतवक्किलने नवरोज जूनमध्ये नेण्याचं ठरवलं. ८६१मध्ये त्याचा खून झाला आणि काम राहिलं. अखेर ८९५मध्ये खलिफा मुअ्तदिदने महसुलाचा नवरोज सिरियाई सौरवर्षातल्या ११ जूनला बांधून टाकला. ते वर्ष लीप दिवस धरणारं असल्याने तो पुन्हा सरकण्याचा प्रश्नच मिटला. यात कोणाचं काय होतं पाहा: सण इराणी आणि मूळचा जरथुष्ट्री, महिन्यांची चौकट ख्रिस्ती सिरियाई लोकांच्या वापरातली, हुकूम मुसलमानांच्या खलिफाचा. आणि खलिफा म्हणजे कोणी साधा सुलतान नव्हे. त्या काळी सुन्नी जगाचं ते सर्वोच्च पद. रमजान, हज आणि मोहरम जिथल्या तिथे चंद्रावर राहिले. बदलली फक्त वसुलीची तारीख.

त्यानंतर हा तोडगा ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा सुचत गेला. इस्फहानच्या सेल्जुक सुलतान मलिकशहाने उमर खय्यामसह ज्योतिष्यांना बसवून १०७९मध्ये जलाली गणना सुरू केली आणि नवरोज वसंतसंपाताला बांधला. तो तुर्की वंशाचा, राज्य इराणवर, आणि सुन्नी इस्लामचा मोठा आश्रयदाता म्हणवणारा. उस्मानी तुर्कांनी तर हा पेच दुसऱ्या बाजूने अनुभवला. त्यांचा सारा बराचसा सौरवर्षाने येई आणि फौजेचा पगार चांद्रवर्षाने जाई. त्यामुळे दर तेहतीस वर्षांत एका वर्षाच्या पगाराला उत्पन्नच नसे. त्या सुमारास खजिना रिता होऊन जानिसारी फौज बिथरण्याचे प्रसंग येत. शेवटी उस्मानी खजिन्यानेही मार्चमध्ये सुरू होणारं सौर वर्ष धरलं, आणि १८४०मध्ये तन्झिमात सुधारणांच्या काळात ते सरकारी हिशेबाचं वर्ष म्हणून पक्कं झालं. हे सुलतान स्वतःला खलिफा म्हणवत आणि मक्का-मदिनेचे सेवक असल्याचा अभिमान मिरवत. हिशेब सौर वर्षाचा झाला म्हणून त्या दाव्याला कुठे धक्का बसला नाही.

भारतातली साक्ष आणखी बोलकी आहे, कारण इथे एकाच घराण्यातल्या दोन विरुद्ध स्वभावांची परीक्षा झाली. अकबराने १५८४मध्ये इलाही सन सुरू केला, सौर गणनेचा आणि इराणी महिन्यांचा. चांद्रवर्षाने सारा घेणं हा रयतेवर अन्याय आहे, असं त्याचं समर्थन अबुल फजलने केलं आहे. पण इलाही सनामागे अकबराच्या धार्मिक प्रयोगांचा वासही होता, आणि औरंगजेबाने गादीवर येताच त्याला बाजूला सारलं, नवरोजचा दरबारी उत्सवही बंद केला. इथवर पाहिलं तर हा हिशामचाच निर्णय. पण फसली सन? तोही अकबराच्या काळातला सौर महसुली सन. शहाजहानच्या वेळी दख्खनमध्ये तो वेगळ्या आकड्याने लागू झाला. औरंगजेबाने फसलीला हात लावला नाही. कालगणनेबद्दल इतका कडवा असलेल्या बादशहालाही कळत होतं की उत्सव बंद करता येतो, पण ज्वारीचं कणीस हुकमाने पिकत नाही. पुढे निजामाच्या राज्यात फसली टिकला, आणि मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदांवर तो आजही वाचावा लागतो.

या साऱ्या दाखल्यांतून एक गोष्ट दिसते. धर्माचा काळावर हक्क आहे, पण तो दिवसाच्या पावित्र्यावरचा आहे. कोणत्या दिवशी उपास, कोणत्या दिवशी स्नान, कोणत्या महिन्यात यात्रा, हे धर्माने सांगावं; ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, कारण आकाशात कुठेही 'हा दिवस पवित्र' असं लिहिलेलं नाही. वर्ष किती लांबीचं, पेरणी कधी, वसूल कधी, हे मात्र सूर्य, पाऊस आणि माती ठरवतात, आणि तिथे कोणत्याही धर्माचं मत विचारलं जात नाही. धर्माने या दुसऱ्या क्षेत्रात शिरून हट्ट धरला की अन्याय होतो आणि धर्माच्या पदरात काही पडत नाही. ते क्षेत्र सोडून दिलं तर त्याचं काही जातही नाही. पेशव्यांचा शुहूर सन आणि मुअ्तदिदचा नवरोज हे याच तत्त्वाचे दोन पुरावे आहेत. परक्याच्या उगमाचं साल वापरून दोघांचाही धर्म बाटला नाही, कारण साल ही बाटण्याजोगी वस्तूच नव्हती.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचाच येईल. शुहूर सन मराठ्यांनी निवडला नव्हता, तो सुलतानी सत्तेने लादला आणि चारशे वर्षांच्या सवयीने अंगवळणी पडला. गुलामीच्या खुणेला सहिष्णुतेचं प्रशस्तिपत्र कसं द्यायचं? उगमापुरतं हे खरं आहे. कालगणना सत्तेबरोबर येते, आणि तिच्या येण्यात रयतेची संमती कोणी विचारत नाही. पण टिकण्याचा खुलासा एवढ्याने होत नाही. मराठी सत्तेला जे बदलायचं होतं ते तिने बदललं. राज्याभिषेकानंतर राज्यशक सुरू झाला. फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचवण्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' रचून घेतला गेला. मोगली अंमलात गुलशनाबाद झालेलं शहर पेशव्यांच्या हाती आल्यावर पुन्हा नाशिक झालं. ज्यांना शहराचं नाव पालटता आलं, त्यांना सालाचं नाव पालटता आलं नसतं असं नाही. तरी राज्यशक मुख्यतः राजपत्रांवर राहिला आणि हिशेबात शुहूर चालू राहिला. याचं कारण कामात आहे. शुहूर वर्ष मृगावर सुरू होतं, तेव्हाच नव्या हंगामाची लागवड आणि तगाई सुरू होते. कुळकर्ण्याचं दफ्तर, देशमुखाचं वतन, मठाचं इनाम यांचे जुने कागद त्याच सालात होते. साल पालटलं असतं तर गावोगावच्या हक्कांच्या पुराव्यांत गोंधळ माजला असता. सवयीचा वाटा यात आहेच, पण उपयोगाच्या आधाराशिवाय कोणतीही सवय सत्ताबदलाला शतकभर पुरून उरत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूचा आणि अधिक खोल आहे. धर्माचा काळाशी संबंध मी फार किरकोळ करून टाकतो आहे, असं भाविक म्हणेल. 'नसी'चा निषेध दिवसांपुरता नाही. महिने बारा आहेत आणि ते ईश्वराने ठरवले आहेत, असं कुराण सांगतं. हिंदू संकल्पातही कल्प, मन्वंतर, युग, संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी अशी सारी उतरंड उच्चारल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. मग वर्ष धर्माबाहेर कसं? या आक्षेपाला मान दिला पाहिजे, आणि त्यासाठी निषेधाचं कारण नीट पाहिलं पाहिजे. इस्लामपूर्व अरबस्तानात लढाईला बंदी असलेले पवित्र महिने होते, आणि ते मागेपुढे करण्याचा अधिकार किनाना टोळीतल्या काही जणांकडे होता. सोयीप्रमाणे पवित्र महिना ढकलला की सोयीप्रमाणे लढता येई. कुराणाचा निषेध या अधिकाराला आहे: माणसाने आपल्या लाभासाठी पावित्र्य सरकवू नये. त्या निषेधाचं एक फळही मोठं आहे. अधिक महिना नसल्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. अमक्या देशाच्या वाट्याला कायम लांब दिवसांचा उपास आणि तमक्याच्या वाट्याला कायम आखूड दिवसांचा, असं होत नाही. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला मे महिन्याच्या उन्हातले रोजे येतात तसे डिसेंबरच्या थंडीतलेही येतात. हे समत्व जपायचं असेल तर उपासनेचं वर्ष महसुलापासून वेगळं ठेवणंच धर्माच्या हिताचं आहे. ते एक केलं, तर एकतर रयत भरडली जाईल किंवा कधीतरी सरकारी खजिनाच महिने सरकवायला लागेल. हिशामची भीती प्रामाणिक होती, पण चुकीच्या जागी होती: इराणी नवरोज इस्लामचा पवित्र दिवस नव्हताच, मग तो हलवल्याने कोणतं पावित्र्य हललं असतं?

हिंदू परंपरेने याच अस्वस्थतेवर वेगळा इलाज केला. चांद्र महिने ऋतूंशी बांधून ठेवायचे म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालायचा, म्हणजे १९ वर्षांत सात. अल्-बिरूनीने भारतावरच्या ग्रंथात या अधिमासाचं तपशिलाने वर्णन केलं आहे. आकाशाचा हिशेब जुळला, पण श्रद्धेचं काय? हा महिना माणसाने घातलेला, मग यात केलेलं मंगलकार्य फळेल का? म्हणून त्याला मलमास म्हणून लग्नमुंजींना वर्ज्य ठरवलं. मग असा टाकलेला महिना रिकामा ठेवणंही बरं नव्हे, म्हणून त्याला पुरुषोत्तमाचं नाव दिलं, दानाचं पुण्य दिलं, आणि मराठी घरांत जावयाला धोंडे घालून त्याचा धोंड्याचा महिना झाला. अरबस्तानाने अधिक महिना काढून टाकला, भारताने तो ठेवला आणि त्यावर सोवळ्याचं कुंपण घातलं. दोन्हीकडे बुद्धी एकच दिसते: गणिताच्या सोयीने आलेला काळ आणि पावित्र्याचा काळ यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. संकल्पातली उतरंडही हेच करते. ती संवत्सराचं नाव घेते ते आपण कुठे उभे आहोत हे सांगण्यासाठी. सारा कधी भरायचा हे ती सांगत नाही.

दिवसाच्या पावित्र्यावर धर्माचा हक्क किती खरा आहे, हे पारशी समाजाच्या कबिसा, म्हणजे अधिक महिन्याच्या, वादातून कळतं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात केरमानहून सुरतेला आलेल्या जामास्प या दस्तुराच्या लक्षात आलं की इराणातले जरथुष्ट्री आणि भारतातले पारशी यांच्या महिन्यात एका महिन्याचा फरक आहे. भारतात कधीकाळी एक अधिक महिना घातला गेला होता, इराणात नव्हता. १७४५मध्ये सुरतेच्या काही पारशांनी इराणी गणना स्वीकारली. ते कदमी झाले, बाकीचे शहेनशाही राहिले. भरूचमध्ये प्रकरण मारामारीपर्यंत गेलं. मुल्ला कावस नावाचे पारशी विद्वान हीच शंका घेऊन १७६८मध्ये इराणला गेले आणि बारा वर्षांनी परतले. बाहेरच्याला एका महिन्यासाठी एवढं भांडण हास्यास्पद वाटेल. पण ज्या प्रार्थनेत त्या दिवसाच्या आणि महिन्याच्या दैवताचं नाव घ्यावं लागतं, तिथे महिना चुकला तर प्रार्थनाच चुकली. हा प्रश्न हिशेबाचा नव्हता, म्हणून तो भावनेने लढला गेला आणि त्यात गैर काही नव्हतं. याच पारशांनी व्यापारात सुरतेची, मुंबईची, नंतर इंग्रजांची तारीख निःशंकपणे वापरली. तिथे कदमी आणि शहेनशाही असा भेद कोणी काढला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कालगणना इतकी निरुपद्रवी असेल तर तिच्यावरून राज्यं का डळमळतात? इराणच्या संसदेने १९२५मध्ये सौर हिजरी वर्ष सरकारी केलं: आरंभ हिजरतीपासून, वर्ष सौर, महिन्यांची नावं फरवर्दीन, उर्दिबहिश्त, खुर्दाद अशी प्राचीन जरथुष्ट्री. १९७६मध्ये मोहम्मद रझा शहाने हिजरत काढून सायरसच्या राज्यारोहणापासून वर्षं मोजायला लावली, आणि देश एका रात्रीत चौदाव्या शतकातून सव्विसाव्या शतकात गेला. संताप असा उसळला की १९७८मध्ये, क्रांती दारात असताना, शहाला हा हुकूम मागे घ्यावा लागला. म्हणजे सालाला धर्म आहेच, असं कोणी म्हणेल. पण क्रांतीनंतर काय झालं तेही पाहायला हवं. आयतुल्लांच्या राजवटीने पुन्हा सौर हिजरीच ठेवलं, आणि जरथुष्ट्री दैवतांच्या नावांचे महिनेही ठेवले. रमजान, मोहरम चंद्रावर. पगार, शाळा आणि सारा फरवर्दीनवर. चीड शहाच्या सौर वर्षाची नव्हती, महिन्यांच्या नावांची नव्हती. ती आरंभबिंदूची होती. तेव्हा माझ्या म्हणण्यात एक दुरुस्ती करायला हवी. सालात हिशेबाखेरीज आणखी एक अंग असतं: ते कुठून मोजायचं. तिथे साल निशाण बनतं. शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, हिजरत, सायरस ही निशाणं आहेत, आणि निशाणावरून माणसं लढतात. शिवाजी महाराजांनी निशाण उभारलं, पण गावच्या हिशेबाची वही फाडली नाही. शहाने निशाणासाठी साऱ्या देशाच्या कागदांवरची तारीख पालटली. यातला शहाणपणा कुठला, हे १९७८ने सांगितलं.

मग कोणाचंच निशाण नसलेलं तटस्थ साल काढावं, हा शेवटचा आक्षेप. तो प्रयोग आपण केलेला आहे. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ला, म्हणजे १ चैत्र १८७९ला, भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. गणित शुद्ध, ऋतूंशी मेळ नेमका, महिने सर्वांच्या ओळखीचे. राजपत्रांवर आणि आकाशवाणीच्या निवेदनात ती आहे. घरात, बाजारात, शेतात नाही. तटस्थ असणं पुरेसं ठरलं नाही, कारण तिच्यावर कोणाचं पीक, पगार किंवा व्रत अवलंबून नव्हतं. उलट जिला आपण इंग्रजी तारीख म्हणतो ती पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२मध्ये ईस्टरचा दिवस नेमका ठरावा म्हणून सुरू केली. पोपची म्हणून प्रोटेस्टंट इंग्लंडने ती १७५२पर्यंत नाकारली. एवढ्या उघड धार्मिक हेतूची गणना आज नाशिकच्या दिवाणी न्यायालयापासून लासलगावच्या कांदा बाजारापर्यंत चालते, आणि ती वापरताना कोणाला ईस्टर आठवतही नाही. उगमाचा धर्म वापरात उरत नाही, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

म्हणून पुढच्या वेळी सालावरून वाद निघाला की आधी विचारावं, वाद नेमका कशाचा आहे. कोणता दिवस पवित्र, हा प्रश्न असेल तर ज्याच्या त्याच्या धर्माने उत्तर द्यावं आणि इतरांनी त्यात पडू नये. गुढीपाडव्याला गुढी उभारणाऱ्याला किंवा चंद्र पाहून ईद ठरवणाऱ्याला कोणी हिशेब विचारण्याचं कारण नाही. हिशेब कधी सुरू करायचा, हा प्रश्न असेल तर तो सोयीने आणि न्यायाने सोडवावा, आणि त्यात उगमाची जात काढू नये. मुअ्तदिदने आणि पेशव्याने काढली नाही, आपणही काढायचं कारण नाही. आणि सालाचा झेंडा करून कोणाला तरी परकं ठरवायचं असेल, तर तो वाद काळाचा नाही आणि धर्माचाही नाही, सत्तेचा आहे, हे ओळखून त्याला सत्तेच्या वादासारखंच उत्तर द्यावं. ३१ डिसेंबरला फिरणारा संदेश या तिसऱ्या प्रकारचा आहे आणि तो पहिल्या प्रकारचं सोंग घेतो. ज्यांच्या नावाने तो लिहिला जातो त्या पूर्वजांनी 'खमस सबैन अलफ' लिहून राज्य उभं केलं आणि सांभाळलं. त्यांना आपल्या धर्माची खात्री होती, म्हणून सालाची भीती नव्हती.